हौद्यातला घाम आणि कंबरेचा घेर

६ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगटने एका दिवसात तीन कुस्त्या मारल्या. त्यातली पहिली जपानच्या युई सुसाकीशी होती. सुसाकी गतविजेती, शिवाय आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तोवर एकदाही न हरलेली. संध्याकाळी विनेशचे नाव अंतिम फेरीत लागले, पण वजन ५० किलोच्या मर्यादेवर २.७ किलो गेले होते. रात्रभर व्यायाम झाला, वाफेच्या खोलीत बसून घाम काढला, अन्नपाणी जवळपास बंद ठेवले, शेवटी केसही कापले. सकाळी काट्यावर १०० ग्रॅम जास्त भरले आणि ती अपात्र ठरली. दोन दिवसांनी ५७ किलो गटातल्या अमन सेहरावतने एका रात्रीत साडेचार किलोंहून अधिक वजन उतरवले आणि कांस्यपदक जिंकले.

या बातम्या वाचून वजनाने त्रासलेल्या माणसाच्या मनात एक प्रश्न सहज येतो. पैलवानांना जे एका रात्रीत जमते ते आपल्याला सहा महिन्यांत का जमू नये? कराटेचा वर्ग लावला, बॉक्सिंगचे मोजे चढवले, तर पोट उतरणार नाही का? उतरू शकते. मात्र त्या रात्री पॅरिसमध्ये जे घडले त्याचा चरबीशी काडीचाही संबंध नव्हता.

शरीराची एक किलो चरबी संपवायला साधारण ७,७०० कॅलरी खर्च व्हाव्या लागतात. साडेचार किलोंचा हिशेब ३४ हजारांच्या पुढे जातो. इतकी ऊर्जा एका रात्रीत जाळणारा माणूस अजून जन्माला आलेला नाही. मल्लाचे उतरते ते पाणी. एक लिटर घाम गेला की काटा एक किलो कमी दाखवतो. खाणे बंद केले की स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, वापरली जाते, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत धरून ठेवलेले सुमारे तीन ग्रॅम पाणीही सुटते. मल्ल पुन्हा जेवला, पाणी प्यायला की सगळे परत जागेवर येते. स्पर्धेच्या मल्लासाठी हा नियमांच्या चौकटीतला डावपेच आहे आणि तोही धोक्याचा. १९९७च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत महिनाभराच्या अंतरात तीन महाविद्यालयीन मल्लांचा वजन उतरवताना मृत्यू झाला. रबरी पोशाख घालून, तापवलेल्या खोल्यांत, पाणी न पिता ते व्यायाम करत होते. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत वाफेच्या खोल्या आणि रबरी सूट यांवर बंदी आली. आपल्याकडे मात्र बागेत प्लास्टिकचे जॅकेट घालून पळणारी माणसे अजून दिसतात. त्यांच्या अंगातून घाम जातो, चरबी जात नाही, आणि उन्हाळ्यात हा प्रकार जिवावर बेतू शकतो.

मग वर्गात गेल्यावर खरोखर किती ऊर्जा खर्च होते? बार्बरा एन्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून मानवी हालचालींची एक मोठी सूची चालवली आहे. भांडी घासण्यापासून पर्वत चढण्यापर्यंत प्रत्येक कामाला तिच्यात एक आकडा दिलेला आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च म्हणजे एक मेट. एक मेट म्हणजे शरीराच्या प्रत्येक किलोमागे तासाला सुमारे एक कॅलरी. २०११च्या आवृत्तीत ज्यूडो, कराटे, तायक्वांदो, किकबॉक्सिंग यांच्या नेहमीच्या वेगाच्या सरावाला १०.३ मेट दिले आहेत. पिशवीवर ठोसे मारण्याला ५.५, जोडीदाराबरोबरच्या सरावाच्या बॉक्सिंगला ७.८, कुस्तीला ६. जाहिरातींत झळकणारे तासाला आठशे कॅलरींचे आकडे यातल्या सर्वांत वरच्या ओळीवरून घेतलेले असतात.

पण त्याच सूचीत आणखी एक ओळ आहे, नवशिक्यांसाठी. संथ गतीचा, शिकण्याचा सराव, ५.३ मेट. ८० किलोच्या माणसाला तासाभरात ४२४ कॅलरी. तोच माणूस ताशी साडेपाच किलोमीटरच्या वेगाने चालला तर सुमारे ३४४. फरक ऐंशी कॅलरींचा. कारण उघड आहे. पहिल्या काही महिन्यांत वर्गातला निम्मा वेळ उभे राहून ऐकण्यात, पाय कुठे ठेवायचा हे समजून घेण्यात आणि आपली पाळी येण्याची वाट पाहण्यात जातो. वर्ग सुटल्यावर कोपऱ्यावर एक वडापाव आणि साखरेचा चहा घेतला की तेवढी कमाई जवळपास संपते.

हिशेब इथेही थांबत नाही. हर्मन पाँट्झर या मानवशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये टांझानियातल्या हाड्झा लोकांच्या ऊर्जाखर्चाचे मोजमाप प्रसिद्ध केले. हे लोक शिकारीवर आणि कंदमुळांवर जगतात, रोज मैलोन्‌मैल चालतात. तरी शरीराचे आकारमान जमेस धरले तर त्यांचा दिवसाचा एकूण खर्च शहरातल्या बैठ्या अमेरिकी माणसाइतकाच निघाला. हालचाल वाढली की शरीर इतर कामांत काटकसर करते, असा पाँट्झर यांचा निष्कर्ष. तो सगळ्या अभ्यासकांना पूर्ण मान्य नसला तरी एवढे निश्चित, की केवळ व्यायाम वाढवून कागदावरच्या गणिताप्रमाणे वजन उतरत नाही.

कोल्हापूरच्या तालमींनी हे आपल्या डोळ्यांसमोर शंभर वर्षे मांडून ठेवले आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने तिथे कुस्ती बहरली, १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे राहिले, आणि गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींची नावे गावोगावी झाली. तालमीचा दिवस पहाटे सुरू होतो. ताक, तेल, हळद, कापूर, लिंबू घालून मऊ केलेली लाल माती फावड्याने उकरायची. हौदा खणणे हाच मुळी दमवणारा व्यायाम. मग जोर, बैठका, मुद्गल, करेला, आणि वस्तादांच्या देखरेखीखाली एकामागून एक लढती. अशाच मेहनतीच्या परंपरेतून कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव घडले. १९४८ मध्ये लंडनला ते सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला ५७ किलो गटात कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेते ठरले. आणि याच परंपरेतून श्रीपती खंचनाळे, गणपतराव आंदळकर, मारुती माने यांच्यासारखे भारदस्त हिंदकेसरीही घडले. जोर तेच, बैठका त्याच, माती तीच. एकाचा देह ५७ किलोंत बसवलेला, दुसऱ्याचा त्याच्या कितीतरी पुढे गेलेला. फरक उंचीचा, हाडापेराचा आणि खुराकाचा. दूध, तूप, बदाम, थंडाई यांचे प्रमाण पैलवानाला कोणत्या गटात लढायचे आहे त्यावर ठरते. मैदान सुटले, मेहनत थांबली आणि खुराक तसाच राहिला तर काय होते, हे पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात सांगायला नको.

जपानचे सुमो मल्ल तर लढाईच्या कलेसाठी मुद्दाम वजन वाढवतात. सकाळी उपाशीपोटी कसून सराव, मग मांस-भाज्यांच्या रश्श्याचे भलेमोठे जेवण, त्यावर झोप. दीडशे किलोंचा देह तिथे सर्वसामान्य. तरी त्यांच्या पोटाच्या तपासण्यांत जपानी डॉक्टरांना एक अनपेक्षित गोष्ट दिसली. या मल्लांची बरीचशी चरबी त्वचेखाली होती. आतड्यांभोवतीची, यकृत आणि रक्तातली साखर बिघडवणारी चरबी त्या देहाच्या मानाने कमी होती. सराव सुटल्यावर हे संरक्षणही जाते.

या सुमोंच्या शेजारी पुण्याचे एक उदाहरण ठेवून पाहण्यासारखे आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. उंची आणि वजनावरून काढलेला दोघांचा बीएमआय नेमका सारखा होता, २२.३. काट्याच्या लेखी दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही हेच दाखवून दिले होते. आपली बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच लहान, स्नायू कमी, पण चरबी मात्र राखलेली. वरून बारीक, आतून मेदयुक्त. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीत पोटाचा स्थूलपणा ३९.५ टक्के प्रौढांत आढळला, आणि बीएमआयने मोजलेला स्थूलपणा २८.६ टक्क्यांत. म्हणजे काटा ज्यांना सोडून देतो अशा कोट्यवधी माणसांची कंबर धोक्याच्या रेषेपलीकडे आहे. ती रेषा भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर अशी धरली जाते.

लढाईच्या कलांकडे याच अंगाने पाहायला हवे. आपल्या देहात दोन गोष्टींची उणीव आहे: स्नायू आणि दम. वजन थोडे कमी होईल किंवा होणारही नाही, पण या दोन उणिवा भरून काढायला हा सराव फार चांगला आहे. जोर मारताना खांदे, छाती, दंड आणि पोट एकाच लयीत काम करतात. बैठकीत शरीरातले सर्वांत मोठे स्नायू, मांड्या आणि नितंब, कामाला लागतात. जेवणानंतर रक्तात येणारी साखर सर्वांत जास्त शोषून घेणारे कोठार म्हणजे हेच स्नायू. तायक्वांदोची लाथ असो की मर्दानी खेळातली लाठी, बळ जमिनीतून पायांत, पायांतून कंबरेत आणि कंबरेतून हातात येते. असे काम करणारा स्नायू रोजच्या जगण्यातही उपयोगी पडतो.

प्रत्यक्ष प्रयोगांचे पुरावे मोजके आहेत, पण ते याच दिशेने बोट दाखवतात. सिडनीत जास्त वजनाच्या २० किशोरवयीन मुलामुलींवर सहा महिन्यांचा प्रयोग झाला. काहींना कुंग फू, काहींना संथ ताई ची. कुंग फूवाल्यांचा दम आणि स्नायूंची सहनशक्ती वाढली. चरबीत मात्र दोन गटांत फारसा फरक पडला नाही. ऑस्ट्रेलियातल्याच दुसऱ्या एका छोट्या प्रयोगात पोट सुटलेले १२ प्रौढ निवडले. निम्म्यांना भरभर चालायला लावले आणि निम्म्यांना आठवड्यातून चार दिवस बॉक्सिंगचा सराव दिला, दोन मिनिटे जोरात आणि एक मिनिट विश्रांती अशा फेऱ्यांत. बारा आठवड्यांनी बॉक्सिंगवाल्यांची चरबी, रक्तदाब आणि दम या तिन्हींत सुधारणा झाली, चालणाऱ्यांची तितकी नाही. बारा माणसांवरून मोठे सिद्धांत मांडता येत नाहीत, हे खरे. त्या मानाने हाँगकाँगचा प्रयोग भक्कम आहे. पन्नाशी उलटलेले, पोट सुटलेले ५४३ लोक. एका गटाने आठवड्यातून तीनदा तासभर ताई ची केले, दुसऱ्याने चालणे आणि स्नायूंचे व्यायाम, तिसऱ्याने काहीच नाही. २०२१ मध्ये आलेल्या निकालानुसार, काहीच न करणाऱ्यांच्या तुलनेत बारा आठवड्यांत ताई चीवाल्यांची कंबर १.८ सेंटिमीटरने आणि व्यायामवाल्यांची १.३ सेंटिमीटरने उतरली. पाण्यात हात फिरवावा तशी संथ दिसणारी ही चिनी युद्धकला; मेटच्या सूचीत तिला फक्त तीन मेट मिळतात. ज्यांना गुडघ्यांमुळे किंवा वयामुळे उड्या मारणे शक्य नाही त्यांनी हा निकाल जरूर लक्षात ठेवावा.

डाव येतात म्हणून दम येतोच, असेही नाही. १९६४ च्या अखेरीस ब्रूस लीची ओकलंडमध्ये वाँग जॅक मॅन या दुसऱ्या कुंग फू लढवय्याशी बंद दाराआड लढत झाली. तिच्या निकालाबद्दल दोन्ही बाजूंनी वेगवेगळे सांगितले जाते. पण लीच्या पत्नीने नंतर नोंदवून ठेवले आहे की लढत आपल्या अपेक्षेपेक्षा लांबली आणि आपण थकलो, हे त्याला फार लागले. त्यानंतर त्याने धावणे, दोरीवरच्या उड्या आणि वजनांचा व्यायाम मन लावून सुरू केला. पडद्यावर दिसलेला तो पिळदार देह या वेगळ्या मेहनतीचा आहे. तालमीत पळणे, दोर चढणे आणि मल्लखांब आधीपासून होतेच. ज्या वर्गात नुसते डाव शिकवतात आणि छातीचा भाता जोरात चालतच नाही, तिथे शिकणाऱ्याने दम वाढवायची वेगळी सोय करावी.

मग चालणे, पोहणे, जिम हे सगळे सोडून आखाड्यातच का जावे? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतल्या एका वजन उतरवण्याच्या दूरचित्रवाणी स्पर्धेने अप्रत्यक्षपणे दिले. त्या स्पर्धेतल्या १४ जणांची सहा वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. बहुतेकांचे बरेच वजन परत आले होते. शिवाय त्यांची शरीरे अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होती. मात्र ज्यांनी वजन रोखून धरले होते त्यांची शारीरिक हालचाल स्पर्धेपूर्वीच्या तुलनेत १६० टक्क्यांनी वाढलेली होती. ज्यांचे परत आले त्यांची ३४ टक्क्यांनी. वजन उतरते ते मुख्यतः ताटातून. उतरलेले वजन टिकते ते व्यायामाने, आणि तो व्यायाम वर्षानुवर्षे चालावा लागतो.

वर्षानुवर्षे माणसाला बांधून ठेवण्याची कला या परंपरांना फार पूर्वी साधली आहे. कानो जिगोरो हे शरीराने किरकोळ होते, शाळेत दांडगटांचा मार खाल्लेले. त्यांनी जुजुत्सू शिकून १८८२ मध्ये टोकियोच्या एइशो-जी मंदिरात बारा चटयांच्या जागेत कोदोकान ही ज्यूडोची शाळा सुरू केली. ते पेशाने शिक्षणतज्ज्ञ. जुन्या विद्येतले घातक डाव त्यांनी मोकळ्या सरावातून वगळले, पडायचे कसे हे आधी शिकवले आणि १८८३ मध्ये पहिल्या दोन शिष्यांना ‘दान’ची पायरी दिली. रंगीत पट्ट्यांची पद्धत पुढे युरोपात रुळली. ओकिनावात इतोसू आन्को यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कराटे शाळांमध्ये नेले आणि मुलांसाठी सोप्या काता, म्हणजे हालचालींच्या ठरीव मालिका, रचल्या. या माणसांना वजनाची चिंता नव्हती; सर्वसामान्य मुलाने रोज यावे आणि येत राहावे, ही होती. पट्ट्याची पुढची पायरी, अजून न जमलेला डाव, वस्तादांची नजर, आणि आपण गेलो नाही तर ज्याचा सराव अडतो तो जोडीदार. ट्रेडमिलवर यातले काहीच नसते. पहिल्या वर्षी ५.३ मेटचा असलेला वर्ग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दहाच्या आसपास जातो, कारण तोवर अंगाला डाव माहीत झालेले असतात आणि वेग आपोआप वाढतो. जो टिकला त्यालाच हे मिळते.

ज्यूडोतल्या पडण्याचा उल्लेख वर आला, त्यावर आणखी दोन शब्द. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ज्यूडोचे पडण्याचे तंत्र वापरून पाहिले तेव्हा कुशीवर पडताना खुब्याच्या हाडावर येणारा आघात बराच कमी झाला. पुढे वयस्कांच्या प्रशिक्षणातही हे तंत्र आले. साठीनंतरच्या माणसाला खुब्याचे हाड मोडणे किती महागात पडते हे घरोघरी माहीत आहे.

वर्ग निवडताना काही गोष्टी पाहाव्यातच. पहिल्या दिवशी बेडूकउड्या आणि शंभर बैठका घ्यायला लावणारा शिक्षक जड माणसाच्या गुडघ्यांचा शत्रू असतो. आधी भिंतीला हात टेकून अर्धे जोर, खुर्चीपर्यंतच्या बैठका, मग हळूहळू पुढे, असा क्रम हवा. चटया जाड हव्यात. पिशवीवर ठोसे मारण्याआधी मनगटाला पट्टी बांधायला शिकवलेले असावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल, रक्तदाब जास्त असेल, तर डॉक्टरांशी बोलूनच सुरुवात करावी, कारण दमवणाऱ्या सरावात साखर एकदम खाली येऊ शकते. आणि डोक्यावरचे ठोसे! ज्याला स्पर्धा खेळायची नाही, फक्त तब्येत कमवायची आहे, त्याने डोक्यावर एकही ठोसा घेण्याची गरज नाही. पिशवी, पॅड, सावलीशी सराव यांत सगळा व्यायाम मिळतो. मेंदूला झालेली इजा कोणत्याही सडपातळपणाने भरून निघत नाही. लहान मुलांना वजनगटासाठी उपाशी ठेवणारा शिक्षक दिसला तर मुलाला तिथून त्याच दिवशी काढावे.

ताटाबद्दल तालमीचा वारसा जपताना थोडी निवड करावी लागेल. तुपाची वाटी आणि थंडाई हे तासन्‌तास मेहनत करणाऱ्या जवान मल्लाचे अन्न आहे; आठवड्यातून तीन तास सराव करणाऱ्या नोकरदाराचे नव्हे. त्यातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे प्रथिने. आयसीएमआरच्या शिफारशीनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ७० किलोच्या माणसाला सुमारे ५८ ग्रॅम. स्नायू कमावणाऱ्याला थोडी जास्त. पोहे, साबुदाणा, चहा-बिस्किटे यांत ती भरत नाहीत. उसळ, पिठले, ताक, दही, अंडी, मासळी यांत भरतात. भात-पोळी थोडी कमी आणि उसळ दुप्पट, एवढा बदल केला तरी सरावाचे फळ अंगाला लागते.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार हालचाल, आणि त्यासोबत दोन दिवस स्नायूंचा व्यायाम अशी आहे. आठवड्यातून तीन दिवस तासाभराचा, धाप लावणारा वर्ग यातले बहुतेक सगळे एका जागी देतो. घराजवळची तालीम, कराटेचा वर्ग, मर्दानी खेळांचा आखाडा, ज्यूडोची चटई, जे पायी जाण्याच्या अंतरावर असेल ते निवडावे. कलेच्या नावापेक्षा अंतर महत्त्वाचे. नाव घालण्याच्या दिवशी बेंबीच्या पातळीवर टेप धरून कंबर मोजावी आणि वहीत लिहावी. काट्यावर रोज चढू नये. तीन महिन्यांनी पुन्हा टेप धरावी, आणि तोवर एकही आठवडा पूर्ण चुकवू नये.